दुखरा पाय

"हे बरं, की हे?" मी विचारलं. खुर्चीतल्या गृहस्थांच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम होती, डावा डोळा झाकलेला, आणि उजव्यापुढे मी एक भिंग काढून दुसरं सरकवत होते. ते घाबरले होते. नंबर काढायला येणारी निम्मी माणसं घाबरतात. त्यांना वाटतं ही परीक्षा आहे, उत्तर चुकलं की ही बाई नापास करणार. मग दोन्ही भिंगांतून सारखंच दिसत असलं तरी तसं म्हणायची हिंमत होत नाही, काहीतरी ठोकून देतात, आणि नवा चष्मा लावून डोकं दुखलं की आमच्याच नावाने खडे फोडत परत येतात. "दुसरं," गृहस्थ म्हणाले, आणि लगेच, "नाही नाही, पहिलं." मी त्यांना समजावणार तेवढ्यात बाहेरून मालक ओरडले, "बाई, भाचीचा फोन!" फोन मी गल्ल्याजवळच ठेवते. मालकांना तो उचलायची दांडगी हौस. बाहेर जाऊन कानाला लावला तर पलीकडे खिदळणं चाललेलं. "मावशी, गंमत ऐक. सोमवारी कॅम्पला पोचलो की सगळ्या मुलींच्या गालात कापसाची काडी फिरवणार आहेत. आपण मुली आहोत की नाही ते बघायला! आयुष्यात एकदाच म्हणे. आमची गोळाफेकवाली विचारते, मी दाढी करून येऊ का? बरं, गाडी संध्याकाळची आहे, दुपारी येते तुझ्याकडे." मी "ये" म्हटलं. जीभ आपोआप डाव्या गालाच्या आत गेली होती, तिथे काही सापडणार असल्यासारखी. फोन ठेवून खोलीकडे वळले, चार पावलं टाकली असतील, आणि मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, आज उजवा का?"

मी खाली पाहिलं. खरंच की. मी उजवा पाय ओढत होते. गेली इतकी वर्षं डावा ओढणारी मी, सगळ्या रस्त्याला माझा डावा पाय ठाऊक, बसमध्ये कंडक्टर उठून जागा करून देतो तो डाव्या पायासाठी, मालकांनी काउंटरखाली बुटकं स्टूल ठेवलंय ते डाव्या पायासाठी. "थंडीने आखडलाय," मी म्हटलं. थंडी कुठली, पंखा चालू होता. मालकांनी पंख्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं, पण ते भले गृहस्थ, पुन्हा गल्ल्याकडे वळले. मी आत गेले, खुर्चीतल्या माणसाला जे पहिलं-दुसरं सुचलं त्यावर नंबर लिहून टाकला आणि त्याला वाटेला लावलं. मग दार लोटून त्याच खुर्चीत बसले. समोर अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर, खाली लहान होत होत गेलेली. वेडे, मी स्वतःला म्हटलं, अजून काही झालेलं नाही. पण झालेलं होतं ना, माझ्या बाबतीत सगळं होऊन गेलेलं होतं.

स्टेडियमच्या पायऱ्यांखालची खोली. भिंतीला ताजा रंग दिलेला, त्याचा वास, आणि त्यात पेपरमिंटचा, कारण हातमोजे घातलेली ती बाई पेपरमिंट चघळत होती. आम्ही मुली रांगेत उभ्या राहून अशाच खिदळत होतो. मी एकोणीस वर्षांची, आठशे मीटर पळणारी, घरातली पहिली विमानात बसलेली. "आ कर," बाई म्हणाली. काडी गालावर आतून घासली, जरा गुदगुल्या झाल्या, संपलं. बाकीच्यांना मग एकेक कार्ड मिळालं, ही बाई आहे असं लिहिलेलं, फोटोसकट. मुली ते एकमेकींना दाखवून लोळत होत्या. मला वाटलं माझं मागून येईल. आली ती टीमची मॅनेजरबाई. संध्याकाळी खोलीत आली, माझ्या खाटेच्या कडेवर बसली, आणि तिच्या हातात बँडेजची गुंडाळी होती. ते मी अजून विसरले नाही. बोलायच्या आधीच ती बँडेज घेऊन आली होती. म्हणाली, तुझ्या तपासणीत पुरुषांचं येतं तसं काहीतरी आलंय, मलाही नीट समजलेलं नाही, पण तुला पळता येणार नाही. आणि हे बाहेर गेलं तर तुझं, तुझ्या आईबापांचं तोंड दाखवणं मुश्कील होईल. तेव्हा पाय मुरगळला म्हणू. "कुठला म्हणूया?" तिने विचारलं. मी म्हटलं, कुठलाच मुरगळलेला नाही. "मग डावा," ती म्हणाली आणि गुंडाळायला लागली. छान गुंडाळलं हो तिने, घट्टही नाही, सैलही नाही. दुष्ट नव्हती ती. गुंडाळताना तिचे डोळे भरले होते, आणि त्याचाच मला आजही जास्त राग येतो.

घरी आले ती लंगडत. आईने पाटावर पाय ठेवायला लावला, तेल कोमट केलं, बँडेज सोडलं आणि घोटा दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ चाचपत राहिली. "सूज नाही कुठे," म्हणाली. मी भिंतीकडे बघत राहिले. तिने पुन्हा कधी ते वाक्य उच्चारलं नाही. पण रोज संध्याकाळी, कितीतरी महिने, त्या धडधाकट घोट्याला तिने तेल चोळलं, जणू खरंच काही मोडलंय आणि ते तिच्या अंगठ्याखाली सांधणार आहे. धाकटी बहीण शेजारी बसून गृहपाठ करायची. मला ओरडावंसं वाटायचं की आई, सोड, पाय ठणठणीत आहे, दुसरंच काहीतरी गेलंय माझं. पण काय गेलंय हे मलाच कुठे माहीत होतं? आणि पाय बरा तरी कसा होऊ द्यायचा? बरा झालेला पाय मैदानावर जायला हवा. सर घरी येऊन विचारणार, शेजारीपाजारी विचारणार, मग पळत का नाहीस? म्हणून तो बरा होऊ शकला नाही. सुरुवातीला आठवणीने लंगडावं लागायचं, जिना आला की, ओळखीचं दिसलं की. नंतर आठवण ठेवावी लागेनाशी झाली. लग्न झालं नाही त्याचं खापरही लोकांनी पायावरच फोडलं. चला, तेवढा तरी उपयोग झाला मेल्याचा.

कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावून सांगितलं. पोटात दुखलं म्हणून गेले होते, आणि त्या बाईने पहिल्यांदा मला विचारलं, तुम्हाला कधी पाळी आली का हो? मी आयुष्यभर सगळ्यांना खोटं सांगत आले होते, तिला का कोण जाणे खरं सांगितलं. तिने कागदावर चित्र काढलं. काही मुली अशा जन्मतात, म्हणाली, पेशीत पुरुषांची खूण असते, पुरुषांचं द्रव्यही, म्हणजे हार्मोन, शरीर तयार करतं, पण तुमच्यासारखीच्या शरीराला ते ऐकूच येत नाही. ठार बहिरं असतं त्या बाबतीत. म्हणून तुम्ही बाईच्या बाईच राहता. मी विचारलं, मग मी पळायचे ते? "त्या द्रव्याचा तुम्हाला काडीचाही उपयोग झाला नसणार. पळालात त्या तुम्ही." मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि हसायला लागले, आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना. नर्सने पाणी आणून दिलं. पण निघताना डॉक्टरीणबाईंनी आणखी एक विचारलं होतं. घरात आणखी कुणी? हे आईकडून उतरतं, बहिणीच्या मुलींतही येऊ शकतं. बहिणीची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. चालायला म्हणजे काय, ती चाललीच नाही, एकदम धावायलाच लागली. घरात कुणी नावाने हाक मारायचं नाही, भिंगरी म्हणूनच मोठी झाली.

या भिंगरीने मला एकदा पकडलं होतं. सहा वर्षांची असेल. घरातली मोठी माणसं बोलत बसलेली, मी पाणी घेऊन आले, आणि ही माझा स्कर्ट ओढून कानात म्हणाली, "मावशी, काल दुसरा पाय दुखत होता." माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग कार्टी शहाण्यासारखी तोंडावर बोट ठेवून गेली खेळायला. कधी कुणाला बोलली नाही. मोठी झाली, आठशेच पळायला लागली, बहीण अभिमानाने सांगायची, अगदी मावशीवर गेलीय. आणि गेल्या वर्षी फोनवर हळू आवाजात, "अगं अजून पाळी नाही तिला. धावणाऱ्या मुलींना उशीर होतो म्हणतात. तुलाही उशिराच आली होती ना?" मी म्हटलं, हो, उशिराच. त्या रात्री झोप लागली नाही. उशीर होतोही, खरंच होतो, मी स्वतःला समजावत राहिले. आता सोमवार. पोरगी हसत हसत आ करणार, आणि मग तिच्या खाटेवर कुणीतरी येऊन बसणार, हातात गुंडाळी घेऊन. ते मला बघवणार नव्हतं. सांगायचं, तिने तोंड उघडायच्या आत मी तोंड उघडायचं, एवढंच ठरवता ठरवता दुपार झाली.

ती आली तीच पाठीवर बॅगेचं ते थोरलं धूड घेऊन, दारात अडकली, मालकांना हसवलं, काउंटरवरचे तीन गॉगल लावून बघितले. मी तिला आतल्या खोलीत नेलं. बोलता येईल अशी तीच एक जागा. सवयीने खुर्चीत बसवलं, सवयीने फ्रेमही हातात घेतली. "माझे डोळे मस्त आहेत गं," ती म्हणाली. "बस गप." मी तिच्या नाकावर फ्रेम ठेवली, रिकामीच. मग दिवा मालवला, तक्त्याचा तेवढा राहू दिला, आणि बाजूला उभी राहून सांगायला लागले. तिच्याकडे न बघता सांगितलं. पेपरमिंट, कार्ड, मॅनेजरबाई, डावा पाय, डॉक्टरीणबाईंचं चित्र. तुझं तसंच असेल असं नाही, म्हटलं, तुझं सगळं वेगळं निघेल, पण असू शकतं. ती फ्रेममधून तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझा पाय दुखत नाही हे मला माहीत होतं. मला वाटायचं तू बसमध्ये जागा मिळावी म्हणून करतेस." मला हसू आलं आणि तिलाही, आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. "म्हणजे मी मुलगी नाही?" मी म्हटलं, "मी कोण तुझी? मावशी की काका?" "मावशी." "मग झालं तर." तिने फ्रेम काढली, डोळे पुसले, पुन्हा लावली. अंधारात ती फ्रेम लावलेलं तिचं तोंड इतकं लहान दिसत होतं की मला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि धरलंही. घामाचा आणि साबणाचा वास येत होता तिला.

मग ती जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांच्यात एक उंच, दांडगी पोर आहे, घोगऱ्या आवाजाची. गेल्या हंगामात तिने हिला हरवलं होतं, आणि ही कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाली होती, हिची तपासणी करा आधी. "मीच म्हणाले मावशी. आणि सगळ्या हसल्या. ती पण ऐकत होती." शर्यत सगळ्यांना सारखी हवी हे मलाही कळतं. उद्या कुणी खरंच वेगळ्या ताकदीने पुढे गेली तर मागे राहिलेलीचंही काही म्हणणं असेलच, आणि रेघ कुठेतरी कुणीतरी ओढणारच. कुठे ओढायची ते डॉक्टरांनाही धड सांगता येत नाही, मी तर चष्मे विकते. माझं भांडण त्या रेघेशी नाहीच. माझं भांडण बँडेजशी आहे. माझ्या या खोलीत निदान माणसाला विचारतात, तुला काय दिसतंय बाबा. तिथे मला कुणी काही विचारलं नाही, कुठला पाय तेवढं विचारलं. हे सगळं मी तिला बोलले, बऱ्याच चढ्या आवाजात, कारण बाहेरून मालक म्हणाले, "बाई, सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक. तिला म्हटलं, "नको जाऊस. नाही म्हण." ती म्हणाली, "न गेले तरी लोक म्हणणारच ना, का नाही गेली? त्यापेक्षा जाते. पण त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे. आणि आईला तू सांग. ते माझ्याच्याने व्हायचं नाही." मग दाराशी थांबून, "मावशी, मला एकदा नीट चालून दाखव ना. मी तुला कधी बघितलंच नाही."

दुकानामागे गल्ली आहे, कुणी फारसं फिरकत नाही, रिकामी खोकी पडलेली असतात. तिथे मी तिला चालून दाखवायला गेले आणि, काय सांगू, येईना! डावा पाय मुद्दाम धड टाकायला गेले तर कंबर तिरकी, खांदा खाली, उजव्या बाजूला झोक. इतकी वर्षं नाटक केलं ते अंगात मुरलेलं. मी थांबले, माझा मलाच इतका संताप आला की खोक्याला लाथ घातली. लाथ मात्र डाव्या पायाने सणसणीत बसली. "बघ, लाथ येते!" भिंगरी ओरडली. मग तिने पाठीवरचं धूड खाली टाकलं आणि माझ्यापुढे उलटी चालत, माझे दोन्ही हात धरून, शिकवायला लागली. टाच आधी. खांदे सोड. खाली नको बघूस, माझ्याकडे बघ. मावशी, श्वास कोंडू नकोस गं. बुटांचे तळवे बघितले तर डाव्याची टाच जवळपास नवी, उजव्याची झिजून पार चपटी. "आधी बूट बदल," ती म्हणाली. गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही त्या गल्लीत इकडून तिकडे करत होतो, आणि शेवटी शेवटी दहाबारा पावलं अशी पडली की मला माझं जुनं अंग ओळखू आलं. आतून कुणीतरी ओळखीचं हसल्यासारखं वाटलं. मग ती गेली.

बहिणीला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मला वाटलं होतं आकांत करेल, इतकी वर्षं लपवलंस म्हणून तोडून टाकेल. पण ती म्हणाली, "म्हणून आई तेल लावताना रडायची होय. मला वाटायचं चुलीच्या धुराने." मला ते माहीत नव्हतं. मी कायम भिंतीकडे बघत असायचे. मग आम्ही दोघी फोनवर आईसाठी रडलो, आणि रडून झाल्यावर बहीण नाक ओढत म्हणाली, "ते काही नाही. माझ्या पोरीच्या पायाला कुणी हात लावून बघू दे." धाकटी असली तरी पहिल्यापासून माझ्यापेक्षा खंबीर ती.

दहाएक दिवसांनी फोन आला तेव्हा तेच गृहस्थ पुन्हा खुर्चीत बसले होते. डोकं दुखतं म्हणून परत आले होते, अर्थातच. मालकांनी हाक मारली आणि मी धडपडत बाहेर गेले. "आलं," भिंगरी म्हणाली. "तुझ्यासारखंच." मी काउंटर धरला. ती भराभर सांगत होती. काल संध्याकाळी मॅडम खोलीवर आल्या. बाकीच्या मुलींना बाहेर जायला सांगितलं, पण गोळाफेकवाली हललीच नाही, म्हणाली, माझी खाट आहे. मॅडम हिच्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, बेटा, आपण पाय मुरगळला म्हणून सांगू, तू सन्मानाने घरी जा. "आणि मी विचारलं, कुठला पाय, मॅडम? डावा आमच्या घरात वापरून झालाय." माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला. "मॅडमना काही कळेचना. मग मी जेवणाच्या खोलीत गेले आणि सगळ्यांना सांगून टाकलं. काय आलंय, त्याचा अर्थ काय, सगळं. डॉक्टरीणबाईंचं ते चित्रसुद्धा काढून दाखवलं. काही जणी उठून गेल्या. जाऊ देत. पुढच्या महिन्यात दुसरी तपासणी आहे, त्यात आपल्याला बाजू मांडता येते, डॉक्टरीणबाई येते म्हणाल्यात, आई तर निघालीच आहे. तोवर शर्यत नाही, पण सराव करायला कुणी अडवू शकत नाही." मी विचारलं, एकटीच करतेस? "छे. ती आहे ना, घोगऱ्या आवाजाची. तिला जाऊन सॉरी म्हटलं. ती म्हणाली, सकाळी साडेपाचला ये, उशीर केलास तर थांबणार नाही. आजपासून रोज पळतो. अजून पुढेच असते, मेली." ती हसली. माझीच पोर असती तर मला यापेक्षा जास्त अभिमान वाटला असता का, कोण जाणे. मी एवढंच म्हटलं, "पाय कसे आहेत?" "धड. दोन्ही. तुझे?"

फोन ठेवला. मालक बघत होते. चष्मा नाकावर, तोंड किंचित उघडं. मी काउंटरच्या मागून निघाले, टाच आधी, खांदे सोडून, नव्या बुटांत, आणि खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा जराशी कलले, नाही असं नाही. "बाई," मालक मागून अगदी हळू म्हणाले, "आज कुठलाच नाही?" "कुठलाच नाही," मी म्हटलं. "सांगेन तुम्हाला. आधी यांचं बघते." आत गृहस्थ अंधारात ताटकळत बसले होते, नाकावर फ्रेम, हात मांडीवर, पुन्हा परीक्षेला बसल्यासारखे. मी भिंगांची पेटी उघडली. एक लावलं, काढलं, दुसरं लावलं. "हं, आता सांगा. हे बरं, की हे?" त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगू का बाई? दोन्हींत सारखंच दिसतंय हो."

"मग सारखंच म्हणा की," मी म्हटलं. "घाबरताय कशाला?"